अनेक पडदे, एक दृश्य
दृश्य-दालनांसाठी संगणकाच्या कार्यप्रणालीची निवड

मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रात अंधाऱ्या दालनाच्या मध्यभागी एक पांढरा गोल टांगलेला आहे. त्याचा व्यास जवळजवळ पावणेदोन मीटर. चार बाजूंचे चार प्रक्षेपक त्यावर प्रकाश टाकतात आणि पाहता पाहता त्या गोलाची पृथ्वी होते. ढग सरकतात, वादळे वळसे घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वायुमंडल प्रशासनाने विकसित केलेली ही रचना ‘सायन्स ऑन अ स्फिअर’ या नावाने ओळखली जाते. गोलाभोवती फिरून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला चार चित्रांचे सांधे जाणवत नाहीत, आणि या रचनेचे खरे यश त्यातच आहे. हे सारे ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीवर चालते.

संग्रहालये, माहिती केंद्रे आणि सभागृहे येथे दोन, चार किंवा अधिक पडद्यांवर एकच सलग दृश्य दाखविण्याची योजना आखली जाते, तेव्हा चर्चा बहुधा पडद्यांच्या आकाराची आणि किमतीची होते. संगणकात कोणती कार्यप्रणाली असावी, हा प्रश्न पुरवठादारावर सोपविला जातो. पुढे दृश्य अडखळू लागले की दोष पडद्यांना दिला जातो. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या दालनाच्या बाबतीत ही उपेक्षा महागात पडते.

अडखळण्याचे मूळ

सर्वसाधारण पडदा सेकंदास ६० वेळा नव्याने रंगविला जातो. म्हणजे प्रत्येक नवे चित्र तयार करण्यास संगणकाला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. चित्र वेळेवर तयार झाले नाही तर जुनेच चित्र पुन्हा दिसते आणि हालचाल अडखळते. पडदा अर्धा रंगवून झाला असताना चित्र बदलले, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा असे होऊन दृश्य मधोमध फाटल्यासारखे दिसते. एकाच पडद्यावर हा दोष प्रेक्षक खपवून घेतो. परंतु शेजारशेजारच्या दोन पडद्यांवरून आगगाडी जात असेल आणि तिचे इंजिन एका पडद्यावर क्षणभर मागे राहिले, तर तो दोष शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

कार्यप्रणालीचा संबंध येथे येतो. संगणकात एकाच वेळी शेकडो लहानमोठी कामे चालू असतात आणि त्यांतील कोणास केव्हा वेळ द्यायचा, हे ती ठरविते. सरासरी वेग उत्तम असूनही, मधूनच एखाद्या कामाने पाव सेकंद अडवून धरला, तर दृश्याची लय तुटते. म्हणून अशा कामी यंत्राच्या वेगापेक्षा त्याच्या नियमितपणाला अधिक मोल आहे.

याहून सूक्ष्म अडचण घड्याळांची आहे. एक पडदा सेकंदास ६० वेळा आणि शेजारचा ५९.९४ वेळा रंगविला जात असेल, तर सुमारे १७ सेकंदांत त्यांच्यात एका पूर्ण चित्राचे अंतर पडते. दिंडीतील टाळकरी कितीही कसलेले असले तरी ठेका एकाच मृदंगाचा लागतो, तसेच हे आहे. एकाच आलेखन-पट्टीला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला, जोडलेले सारखे पडदे एका ठेक्यावर चालविणे सोपे जाते. पडदे अनेक संगणकांवर विभागले की ताल जुळविणारे वेगळे कार्ड आणि त्याची तार घ्यावी लागते. १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाने भिंतींवर चित्रे उमटविणारी ‘केव्ह’ ही खोली प्रदर्शित केली, तेव्हा तिच्यासाठी ‘सिलिकॉन ग्राफिक्स’ची खास यंत्रे आणि त्यांची स्वतंत्र कार्यप्रणाली लागली होती. आज हे काम बाजारात मिळणारी व्यावसायिक कार्डे करतात. मात्र त्यांचा उपयोग विंडोज आणि लिनक्स या दोन प्रणालींवरच होतो.

तीन पर्याय

विंडोजच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिच्यावर चालणारी साधने. दृश्यकलावंत वापरतात ते ‘टचडिझायनर’ आणि ‘रेझोल्यूम’ हे कार्यक्रम विंडोज व मॅकवर चालतात, लिनक्सवर नाहीत. व्यावसायिक कार्डांच्या साहाय्याने अनेक पडदे मिळून एकच मोठा पडदा असल्याचा भास विंडोजला देता येतो; मग कार्यक्रमाला पडद्यांच्या संख्येशी कर्तव्य राहत नाही. दुखणे आहे ते सुधारणांचे. ऐन प्रदर्शनात सूचनेची चौकट उमटणे किंवा यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणे, हे प्रकार घरगुती आवृत्तीत नेहमीचे आहेत. यावर उपाय म्हणून दीर्घ मुदतीच्या सेवेची, एलटीएससी नावाची आवृत्ती मिळते. तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, परंतु नवनवी वैशिष्ट्ये लादली जात नाहीत. विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्तीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे जुनी यंत्रे वापरात आणताना विसरू नये.

मॅकवर कलावंताचे काम सुखाचे होते, आणि एका कार्यक्रमातील चित्र दुसऱ्यात नेण्याची ‘सायफन’ ही सोय त्याच प्रणालीवर जन्मली. परंतु कोणत्या यंत्राला किती पडदे जोडता येतील हे उत्पादकाने ठरवून दिलेले असते. एम-वन पट्टीच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा पडदा जोडता येतो. वर सांगितलेली ताल जुळविणारी कार्डे तेथे वापरता येत नाहीत. कायमस्वरूपी दालनासाठी हा पर्याय सहसा विचारात घेऊ नये.

लिनक्सला परवाना शुल्क नाही, पण तिचा मोठेपणा केवळ तेवढाच नव्हे. नको असलेले सर्व काही काढून टाकता येते. सूचना, सजावट, एवढेच नव्हे तर खिडक्यांची संपूर्ण व्यवस्थाही. जे उरते ते वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेल्या तिच्या ६.१२ या गाभ्यात काटेकोर वेळेच्या कामांसाठीची जुनी जोड-व्यवस्था मुख्य प्रवाहात सामावली गेली. अर्थात तेवढ्याने फाटलेले चित्र सांधले जाईल, असे कोणी समजू नये. ते आलेखन-पट्टीच्या चालकावर आणि पडद्याची मांडणी करणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते. एक्स-इलेव्हन ही जुनी आणि वेलँड ही नवी, अशा दोन व्यवस्था प्रचलित असून, एकीवर सुरळीत चाललेले दृश्य दुसरीवर तसेच चालेल याची खात्री देता येत नाही. शिवाय बिघाड झाल्यास आज्ञा लिहून तो दुरुस्त करणारी व्यक्ती हाताशी हवी. तालुक्याच्या ठिकाणी हा मुद्दा परवान्याच्या बचतीपेक्षा जड ठरू शकतो.

निवड आणि चाचणी

तेव्हा निवडीचा प्रारंभ कार्यप्रणालीपासून न होता दाखवावयाच्या सामग्रीपासून व्हावा. ठरावीक चित्रफीत दिवसभर फिरत राहणार असेल आणि देखभालीस जाणकार माणूस असेल, तर लिनक्स. प्रेक्षकाच्या हालचालीनुसार बदलणारे दृश्य एखाद्या कलावंताने विंडोजच्या कार्यक्रमात बांधले असेल, तर दीर्घ सेवेची विंडोज; तेथे काटकसर म्हणून घरगुती आवृत्ती घेणे ही काटकसर नव्हे. दोन-तीन पडद्यांसाठी, किंवा एका कार्डाला जोडता येतील तितक्यांसाठी, एकच संगणक व एकच कार्ड घ्यावे. जेथे एक यंत्र पुरते तेथे दोन लावणे म्हणजे बिघाडाला दुसरे दार उघडणे होय.

सर्व पडदे एकाच प्रतीचे व एकाच वारंवारतेचे असावेत. आपल्याकडील पुष्कळसे चित्रण सेकंदास २५ चित्रांचे असते. ते ६० च्या पडद्यावर दाखविले की काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा उमटतात आणि संथ हालचालीत हिसके जाणवतात. पडदे ५० वर लावले की प्रत्येक चित्र नेमके दोनदा उमटते आणि हा दोष एका पैशाच्याही खर्चाविना नाहीसा होतो. अनेक ठिकाणी कार्यप्रणाली बदलूनही जे साधले नसते ते एवढ्याने साधते.

पुरवठादाराने आणलेली चकचकीत नमुनाफीत पाहून स्वीकृतीपत्रावर सही करू नये. काळ्या पार्श्वभूमीवर एक उभी, बारीक पांढरी पट्टी सर्व पडद्यांवरून संथ गतीने डावीकडून उजवीकडे न्यावयास सांगावी. ती कोठे तुटते, थबकते किंवा तिरकी होते काय, हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. शाळेतील मुलेही ते सांगतील. ही चाचणी पाच मिनिटांची नसावी, किमान दोन दिवस अखंड चालावी, कारण घड्याळांचे अंतर आणि यंत्राची उष्णता या गोष्टी सावकाश प्रकट होतात. त्या दोन दिवसांत एकदा वीजपुरवठा मुद्दाम खंडित करून पाहावा. वीज परत आल्यावर कळफलकाला कोणी हात न लावता संगणक सुरू होऊन दृश्य पूर्ववत चालू झाले पाहिजे. त्यासाठी यंत्राच्या मूळ मांडणीत वीज येताच सुरू होण्याची सोय चालू करावी लागते. ही अट निविदेतच लिहावी.