बाबागाडी घेण्याआधी जिना मोजा

डिसेंबर लागला की कोथरूडमधले आजी-आजोबा माझ्याकडे यायला लागतात. लेक-जावई किंवा मुलगा-सून अमेरिकेहून येणार असतात, बरोबर नातवंड असतं आणि ‘स्ट्रोलर बघून ठेवा’ असा निरोप आधीच आलेला असतो. लहान मुलांचं सामान भाड्यानं देणं आणि बिघडलेलं दुरुस्त करून देणं हा माझा व्यवसाय. पाळणे आहेत, कार सीट आहेत, जेवणाच्या उंच खुर्च्या आहेत, पण निम्मी जागा बाबागाड्यांनी अडवलेली. दुकानदाराला गाडी नवी कोरी असताना दिसते. मला ती दोन पावसाळे काढल्यावर दिसते, आणि कुठली गाडी वापरून झिजली, कुठली नुसतीच माळ्यावर पडून राहिली, तेही कळतं.

पाहुण्यांची सोय लावणं सोपं. अवघड गिऱ्हाईक म्हणजे पहिलटकरीण आणि तिचा नवरा. सातवा महिना चालू असतो, फोनमध्ये गाड्यांचे फोटो साठवलेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो, “काकू, यातली चांगली कुठली?”

मी उलट विचारते, “राहता कितव्या मजल्यावर?”

दोघं एकमेकांकडे बघतात. पण बहुतेक घरांत गाडी वापरली जाणार की नाही, हे या एका उत्तरावर ठरतं. सगळ्यांना फोटोत जी आवडते ती ‘ट्रॅव्हल सिस्टिम’. मोठी चाकं, उचलून काढता येणारी बाळाची टोपली, आणि त्याच सांगाड्यावर बसणारी कार सीट. तिचं वजन बारा ते पंधरा किलो भरतं. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं. पौड रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत बिनलिफ्टच्या तीन मजली सोसायट्या अजून पुष्कळ आहेत. दुपारी घरात एकटी असलेली बाई कडेवर मूल आणि हातात हा सांगाडा घेऊन जिना चढणार कशी? ती चढतच नाही. गाडी खाली पार्किंगमध्ये राहते, तिच्यावर धूळ बसते, सोसायटीतलं मांजर तिच्यात झोपायला लागतं, आणि मग घरात कोणालाच त्यात बाळ ठेववत नाही.

लिफ्ट असेल तर लिफ्टचं दार मोजा. जुन्या, जाळीच्या सरकत्या दाराच्या लिफ्टमध्ये उघडी गाडी शिरत नाही. चारचाकी असेल तर डिकी मोजा, आणि गाडी सीएनजीवर असेल तर आधी डिकी उघडून बघाच, कारण टाकीनं खाल्लेली जागा खरेदीच्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. रिक्षानं फिरत असाल तर मिटलेली गाडी मागच्या सीटच्या पाठीमागे मावेल अशी हवी. मुंबईत लोकलनं जाणाऱ्यांना मी गाडी घ्याच असं म्हणतसुद्धा नाही. तिथे मुलाला अंगाशी बांधायची पट्ट्यांची झोळी बरी, दोन्ही हात मोकळे राहतात.

आता ती ट्रॅव्हल सिस्टिम. ती वाईट नाही, पण ती ज्यांच्यासाठी बनली त्यांचं जगणं वेगळं आहे. इंग्लंडमध्ये बाळंतीण आठवडाभरात बाळाला घेऊन चालत दुकानात जाते. फिनलंड, नॉर्वेकडे तर कडक थंडीतही मुलांना गुंडाळून बाबागाडीतच बाहेर झोपवायची रीत आहे. तिथे गाडी म्हणजे बाळाची दुसरी खाट. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. त्यानंतरही पहिली चक्कर दीड महिन्याच्या लशीची, आणि तिथे बाळ आजीच्या मांडीवरून जातं. हिंडणं सुरू होईपर्यंत बाळ टोपलीत मावेनासं झालेलं असतं. माझ्याकडे विकायला येणाऱ्या गाड्यांमध्ये सर्वांत कोरी वस्तू कुठली असेल तर ही टोपली. काहींवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नसतं.

बाळ यायच्या आधी त्याचं सामान घरात आणू नये, असं अजून कितीतरी घरांत मानतात. मी शकुन-अपशकुन मानत नाही, पण बाबागाडीपुरतं सासूबाईंचं ऐकलेलं बरं. घाई करण्यासारखं त्यात काही नाही. मूल तीन-चार महिन्यांत मान धरतं, सहाव्या महिन्याच्या सुमारास आधाराशिवाय बसायला लागतं. त्याआधी बाहेर न्यायचंच असेल तर पाठ जवळजवळ आडवी होणारी गाडी हवी. स्वस्तातल्या छत्रीगाड्यांची पाठ ताठ असते, त्यात तान्ह्या बाळाची मान पुढे लोंबते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. कार सीटचंही तेच. ती गाडीतल्या प्रवासासाठी आहे, घरी आल्यावर बाळाला त्यातच झोपू देऊ नका. प्रवासात मात्र ती हवीच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांसाठीच्या सीटशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड लागू झाला. दंड राहू द्या, मांडीवरचं मूल धक्क्यात हातात राहत नाही, हे पुरेसं कारण आहे. म्हणून चारचाकी असलेल्यांना मी सांगते, पैसे आधी कार सीटवर घाला, बाबागाडी नंतर बघू.

हलकी, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली तीही एका आजोबांनीच. ओवेन मॅक्लारेन नावाचे हे इंग्रज इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. मुलगी नातवंडाला घेऊन आली, तेव्हा तिची जड गाडी ओढताना होणारी तारांबळ त्यांनी पाहिली. विमानाची चाकं उड्डाणानंतर मिटून पोटात जातात, ती विद्या त्यांना येतच होती. अॅल्युमिनियमच्या नळ्या घेऊन त्यांनी १९६५ साली जी गाडी तयार केली तिचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास होतं. सुरुवातीला बाबागाडी हा श्रीमंती थाट होता. १७३३ साली विल्यम केंट यांनी डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी बनवलेली गाडी तर जनावर जुंपून ओढायची होती. मॅक्लारेननंतर ती बसमध्ये, जिन्यावर, गर्दीत जाऊ शकली.

मिटणाऱ्या प्रत्येक वस्तूला बिजागरी असते आणि बिजागरीत बोट सापडतं. अमेरिकेत गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याचे प्रकार झाले आणि २००९ साली मॅक्लारेन कंपनीला तिथल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर चढवायची झाकणं मोफत द्यावी लागली. कंपनी कुठलीही असो, गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको. माझ्याकडे गाडी न्यायला आलेल्या आजोबांना मी ती स्वतः उघडायला आणि मिटायला लावते. दुसरी कडी बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकू आला पाहिजे. नाही आला तर मूल बसलेलं असताना गाडी मिटू शकते.

दुरुस्तीला सर्वांत जास्त येतात ती पुढची चाकं. “चाक फिरतच नाही, मोडलं बहुतेक,” असं म्हणत लोक गाडी आणतात. मी चाक उपसून काढते. आसाभोवती लांब केस, साडीचे आणि फरशी पुसायच्या कापडाचे धागे, मांज्याचा तुकडा, आणि या सगळ्यावर पावसाळी चिखल वाळून घट्ट दोरखंड झालेलं असतं. ब्लेडनं कापून काढायचं, कापडानं पुसायचं, सिलिकॉनचा फवारा मारायचा. शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते. दुसरी तक्रार पट्ट्याच्या बकलची. ते कोमट पाण्यात बुडवून ठेवलं की आतून नाचणीचं सत्त्व आणि बिस्किटाचा लगदा निघतो आणि बकल पुन्हा लागायला लागतं.

चाकाचा आकार ही मात्र चैन नाही. आपल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक असतात आणि मधला एखादा गायब असतो. बोटभर जाडीची छोटी चाकं त्या खाचेत अडकतात आणि मूल पुढे झुकतं. मॉलच्या फरशीवर सगळ्याच गाड्या छान चालतात, म्हणून मॉलमध्ये चालवून काही कळत नाही. साधारण सहा-सात इंच व्यासाची, आत फोम भरलेली चाकं आपल्या रस्त्यांना बरी. हवेची चाकं मऊ चालतात पण पंक्चर होतात, आणि तेवढ्या छोट्या ट्यूब गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाहीत. खडबडीत रस्त्यावर पुढची चाकं सरळ करून लॉक करा. फुटपाथवरून उतरताना गाडी उलटी करा, आधी मागची चाकं खाली.

दुकानात जाताना दहा किलो तांदळाची पिशवी बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. रिकामी गाडी एका बोटानंही वळते. पिशवी सीटवर बांधा, एका हातानं वळवून बघा, ब्रेक लावून उतारावर सोडून बघा. एकाच पेडलनं दोन्ही मागच्या चाकांना ब्रेक लागतो का? पट्टा पाच टोकांचा आहे का, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून? तीन टोकांच्या पट्ट्यातून वर्षाचं मूल उभं राहतं. युरोपचं ईएन १८८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ८३३ हे मानक लिहिलेलं असेल तर उत्तम. मग नवऱ्यानं ढकलून बघा आणि सासूबाईंनीही, कारण दुपारी बागेत नेणार त्या असतात, आणि दांडा सहा फुटी माणसाच्या मापाचा असेल तर त्यांचे खांदे भरून येतात.

बाळाचं तोंड कोणीकडे असावं, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ साली ब्रिटनमध्ये पाहणी केली. बाळ आपल्याकडे तोंड करून बसलं असेल तर आईबाप त्याच्याशी जवळपास दुप्पट बोलतात, असं त्यांना दिसलं. सीट उलटी बसवता येणारी गाडी जरा महाग पडते, पण पहिल्या वर्षासाठी मी तीच सुचवते. कमला नेहरू पार्कमध्ये बाळाला पुढे तोंड करून ढकलत फोनवर बोलणारे आईबाप दिसतात तेव्हा मला राहवत नाही, पण मी बोलत नाही. गिऱ्हाईक तुटतं.

एका गोष्टीवर मात्र बोलतेच. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं पांघरायची आपली सवय. त्यानं आतली हवा कोंडते आणि थोड्याच वेळात बाहेरच्यापेक्षा आत कितीतरी जास्त तापतं. कापड पातळ असलं तरी तेच. पावसाचं प्लॅस्टिकही पाऊस थांबला की लगेच काढायचं. उन्हासाठी टप मोठा हवा, आणि मागे जाळीची खिडकी हवी. तसंच दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नका, मूल उचललं की गाडी मागे कलंडते. खालची टोपली त्यासाठीच असते.

किमतीचं म्हणाल तर साधी छत्रीगाडी तीन-चार हजारांच्या आसपास मिळते, तीन घड्यांत मिटणारी छोटी गाडी आठ-दहा हजारांपासून पुढे, आणि परदेशी ट्रॅव्हल सिस्टिम पन्नास हजारांच्या वर जाते. बहुतेक घरांना मी मधली सांगते: सहा-सात किलोची, पाठ आडवी होणारी, एका हातानं मिटणारी. जुनी घेतलीत तरी चालेल, मूल मोठं झाल्यावर लोक चांगल्या स्थितीतल्या गाड्या देऊन टाकतात. फक्त पट्ट्यांची शिवण, ब्रेक आणि सांगाड्याचे जोड तपासून घ्या. कार सीट मात्र अनोळखी माणसाची जुनी घेऊ नका, ती अपघातातून गेली आहे की नाही हे वरून दिसत नाही. आधी आठवडाभर भाड्यानं नेऊन बघा, हे मी सांगितलं तर माझ्या धंद्याची जाहिरात होईल, पण सांगते.

गाडी कितीही चांगली घेतली तरी ती चालवायला फुटपाथ लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. जंगली महाराज रस्त्यावर नव्यानं केलेले रुंद फुटपाथ त्या मापाचे आहेत, तिथे आया गाड्या घेऊन आनंदानं हिंडतात. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, सरकत्या जिन्यावर गाडी न्यायची नाही एवढं लक्षात ठेवा. बाकी शहरात आई फुटपाथ सोडून रस्त्यावरून गाडी ढकलते, कारण जिथे फुटपाथला उतार दिलेला असतो नेमकी तिथेच कोणाची तरी स्कूटर उभी असते. बाबागाडीला जेमतेम साठ सेंटिमीटर जागा लागते. तुमच्या घरात लहान मूल नसेल आणि हा लेख तुम्ही सहज वाचत इथवर आला असाल, तर तुम्हालाच विनंती: स्कूटर लावताना तो उतार तेवढा मोकळा सोडा.