कामावर घेण्याआधी चौकशी का?

बदलापूरच्या शाळेतील बालिका अत्याचार प्रकरणातला आरोपी सफाई कर्मचारी कंत्राटी पद्धतीने १ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे घटनेच्या जेमतेम दोन आठवडे आधी रुजू झाला होता. २१ ऑगस्टला राज्य शासनाने शासन निर्णय काढून शाळांना कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायला सांगितले. पण ही खबरदारी शाळेपुरती का ठेवायची? लोणार सरोवरासारख्या पर्यटनस्थळी लॉज, उपाहारगृह किंवा वाहनसेवा चालवणारा मालकही अनोळखी माणसाच्या हाती पाहुण्यांच्या खोलीची किल्ली देतोच की!

‘गाव लहान, सगळे ओळखीचे’ हा युक्तिवाद गावच्या पोरापुरता ठीक. परगावहून आलेल्याचे काय? पडताळणीचा अर्ज तर आता ऑनलाइन भरता येतो. जुनी चूक आयुष्यभर मानगुटीवर बसेल, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणातला किरकोळ गुन्हा दडवला असेल तर नियोक्त्याला त्याकडे काणाडोळा करता येईल असे म्हटले, किरकोळ नसलेला गुन्हा दडवणे मात्र गंभीर मानले. पोलिसांचा दाखला नोंद झालेल्या गुन्ह्यांपलीकडचे सांगत नाही. म्हणून उमेदवाराच्या संमतीने आधीच्या मालकाला फोन करा, मूळ गुणपत्रिका पाहा, आणि हे सारे रुजू करून घेण्याआधी उरका.