योग्य खेळी, चुकीचा क्रम

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ बाजारपेठेत पावसाळ्यापूर्वी व्यापाऱ्याला दोन कामे उरकावी लागतात: गोदामावरचे पत्रे तपासणे आणि माल भरणे. दोन्ही आवश्यकच. परंतु माल आधी भरला आणि पत्रे नंतर पाहिले, तर पहिल्याच सरीत पोती भिजतात. क्रमाचे हे महत्त्व बुद्धिबळाच्या पटावर एका जगज्जेत्यालाही फार महाग पडले.

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा ‘डीप ब्लू’ संगणक यांच्यात सहावा, अखेरचा डाव झाला. तोपर्यंत दोघांचे गुण अडीच-अडीच असे समान होते. काळी मोहरी घेतलेल्या कास्पारोव्ह यांनी ‘कॅरो-कान’ बचाव निवडला. होरेशियो कॅरो आणि मार्कुस कान यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव भक्कम मानला जातो. त्यात काळा खेळाडू घाई न करता मधली घरे प्याद्यांच्या आधाराने सांभाळतो.

सातव्या खेळीत कास्पारोव्ह यांनी पांढऱ्या घोड्याला हुसकावण्यासाठी कडेचे प्यादे पुढे केले. ही खेळी या बचावात येतेच. मात्र त्याआधी राजाशेजारचा उंट बाहेर काढावयाचा असतो, म्हणजे संकटात राजाला सरकण्यास जागा राहते. येथे क्रम उलटला. डीप ब्लूने माघार न घेता घोडाच अर्पण केला. प्रति सेकंद सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या या यंत्राच्या संग्रहात तज्ज्ञांनी हा त्याग आधीच नोंदवून ठेवला होता.

काळ्याकडे एक मोहरे अधिक आले, परंतु किल्लेकोट करण्याची संधी गेली. राजा मध्यभागी अडकला आणि त्याच्याभोवती स्वतःचीच मोहरी दाटीवाटीने उभी राहिली. अठराव्या खेळीत वजीर गेला. एकोणिसाव्या खेळीत पांढऱ्याने प्यादे पुढे सरकवताच कास्पारोव्ह यांनी हार मान्य केली. सामना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी संगणकाने जिंकला.

हिशेबाच्या वहीसारखाच पटाचा जमाखर्च पाहिला, तर काळ्याच्या बाजूला घोडा जमा होता आणि राजाची सुरक्षितता खर्ची पडली होती. नुसती जमेची बाजू वाचणाऱ्याला तो डाव फायद्याचाच वाटला असता. भक्कम बचाव, नावाजलेली पेढी किंवा पिढ्यांचा व्यवहार यांचे बळ निवडलेल्या मार्गाइतकेच पावलांच्या क्रमावरही अवलंबून असते. कास्पारोव्ह यांची ती खेळी एक पाऊल उशिरा आली असती, तर योग्यच ठरली असती.