विशेषण आधी की नंतर? फ्रेंच शिकताना होणारे काही गैरसमज

पॅरिसमध्ये १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत: ‘ग्राँ पाले’ आणि ‘पती पाले’, म्हणजे मोठा महाल आणि छोटा महाल. त्याच शहरात १८८९ मध्ये सुरू झालेल्या नाचगाण्याच्या थिएटरचं नाव मात्र ‘मुलाँ रूज’, शब्दशः ‘पवनचक्की लाल’. पहिल्या दोन नावांत विशेषण नामाच्या आधी आहे, तिसऱ्यात नंतर. ‘फ्रेंचमध्ये विशेषण नामानंतर येतं’ असं वहीत उतरवून घेतलेला विद्यार्थी इथे अडखळतो आणि या भाषेला नियमच नाहीत असं ठरवून मोकळा होतो. नियम आहेत, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत.

गैरसमज : विशेषण नेहमी नामानंतरच.

बहुतेक विशेषणं नंतर येतात हे खरं. रंग, आकार, राष्ट्रीयत्व, धर्म सांगणारी आणि क्रियापदापासून बनलेली विशेषणं नामामागून चालतात. पण लहान, मोठा, चांगला, वाईट, सुंदर, तरुण, म्हातारा यांसाठीचे रोजचे, आखूड शब्द नामाच्या आधी बसतात. ‘पहिला’, ‘दुसरा’ अशी क्रमवाचकंही आधीच. असे शब्द मोजकेच, पण बोलण्यात ते पदोपदी लागतात. म्हणून हा ‘अपवाद’ प्रत्यक्षात सतत भेटतो.

गैरसमज : सौंदर्य, वय, गुण आणि आकारमान सांगणारी सगळी विशेषणं आधी.

फ्रेंच शिकवणाऱ्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या चार गटांच्या आद्याक्षरांची एक युक्ती शिकवतात. सुरुवातीला ती उपयोगी पडते, पण पुढे फसवते. ‘जोली’ म्हणजे देखणा. तो आधी येतो. ‘ले’ म्हणजे कुरूप. विषय सौंदर्याचाच, तरी तो सहसा नंतर येतो. म्हातारा या अर्थाचा ‘व्यो’ आधी, पण वयस्कर या अर्थाचा ‘आजे’ नंतर. म्हणजे जागा अर्थाच्या गटावर ठरत नाही, त्या त्या शब्दाच्या रुळलेल्या वापरावर ठरते. गट पाठ करण्यापेक्षा ते वीसेक शब्द पाठ करावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : जागा बदलली तरी अर्थ तोच.

सगळ्यांत मोठं नुकसान करणारा गैरसमज हा. ‘मा प्रॉप्र शाँब्र’ म्हणजे माझी स्वतःची खोली. ‘मा शाँब्र प्रॉप्र’ म्हणजे माझी स्वच्छ खोली. ‘पोव्र’ माणसाच्या आधी आला तर तो बिचारा, नंतर आला तर पैशाने गरीब. ‘आँसिएन एग्लीझ’ म्हणजे पूर्वी चर्च असलेली वास्तू, जिथे आज कदाचित ग्रंथालय असेल. ‘एग्लीझ आँसिएन’ म्हणजे जुन्या काळातलं चर्च, जिथे आजही प्रार्थना होत असेल. ‘ग्राँ’ हा शब्द ‘ओम’ म्हणजे पुरुषाच्या आधी ठेवला की थोर माणूस, मागे ठेवला की उंच माणूस.

यामागे एक सूत्र दिसतं. मागून येणारं विशेषण वस्तूला इतर वस्तूंपासून वेगळं काढतं: कोणती खोली, तर स्वच्छ असलेली. आधी येणारं विशेषण नामात मिसळून जातं. त्यात बोलणाऱ्याची भावना, मूल्यमापन किंवा नात्याचा संदर्भ असतो. उच्चारही याला साक्ष देतात. ‘पती’मधला शेवटचा त एरवी मुका असतो, पण ‘आँफाँ’ म्हणजे मूल हा शब्द पुढे आला की ‘पती-ताँफाँ’ असा जोडून उच्चारतात. एकवचनी नाम आणि त्याच्यामागून आलेलं विशेषण यांच्यात मात्र असा सांधा जुळवत नाहीत.

‘नवा’ या अर्थाचे दोन शब्द पाहा. ‘नूवेल व्वात्यूर’ म्हणजे आधीच्या गाडीच्या जागी आलेली दुसरी गाडी. ती सेकंडहँडसुद्धा असू शकते. ‘व्वात्यूर नव’ म्हणजे कोरी करकरीत गाडी. याच दुसऱ्या शब्दाचं पुल्लिंगी रूप ‘पों नफ’ या पुलाच्या नावात आहे. १६०७ मध्ये पूर्ण झालेला हा ‘नवा पूल’ आज सेन नदीवरचा पॅरिसमधला सर्वांत जुना पूल आहे. पहिला शब्दही नेहमी आधीच येतो असं नाही. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणारी ताजी वाइन ‘बोजोले नूवो’, तिथे त्याचं पुल्लिंगी रूप ‘नूवो’ नंतर आहे.

गैरसमज : ‘बेल’ ऐकू आलं की नाम स्त्रीलिंगीच.

सुंदर या अर्थाचं पुल्लिंगी रूप ‘बो’, स्त्रीलिंगी ‘बेल’. पण पुढचं पुल्लिंगी नाम स्वराने किंवा मुक्या ह-ने सुरू होत असेल तर ‘बो’चंही ‘बेल’ होतं. देखणा पुरुष म्हणजे ‘बेल ओम’. लिहिताना दोन्ही रूपं वेगळी, ऐकताना सारखीच. ‘नूवो’ आणि ‘व्यो’ यांचंही असंच होतं.

गैरसमज : लिंग-वचनानुसार विशेषण बदलणं ही आपल्याला परकी गोष्ट.

इंग्रजीतून फ्रेंचकडे गेल्यामुळे असं वाटतं. ‘पांढरा सदरा, पांढरी साडी, पांढरे कपडे’ म्हणणाऱ्याला यात परकं काय? ‘घर मोठं आहे, खोली मोठी आहे’ इथेही आपलं विशेषण बदलतं, आणि फ्रेंचमध्येही क्रियापदानंतर ते बदलतंच. आपल्याकडे ‘लाल’, ‘सुंदर’ ही विशेषणं अविकारी आहेत. फ्रेंचमध्येही फळाफुलांच्या नावांवरून आलेले बरेचसे रंग तसेच राहतात: चेस्टनटवरून आलेला तपकिरी ‘मारों’, संत्र्यावरून आलेला ‘ओराँज’. गुलाबावरून आलेला ‘रोझ’ मात्र अनेकवचनात बदलतो. आणि रंगाला ‘फिकट’ किंवा ‘गडद’ जोडलं, की एरवी बदलणारा निळा रंगही त्या जोडशब्दात जसाच्या तसा राहतो.