संगणक वारंवार बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी मेमरी तपासा

आज आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी ज्याचे काम संगणकाविना चालते, असा क्वचितच सापडेल. होलसेलवाल्याचा हिशोब टॅलीत, लग्नपत्रिका छापणाऱ्याचे डिझाइन कोरलमध्ये आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याचे नमुने पंचिंगच्या फाइलीत. हा संगणक ऐन कामात निळा पडदा दाखवून बंद पडला की धंदा खोळंबतो. दुरुस्तीवाला येतो, 'विंडोज करप्ट झाली' असे सांगून फॉरमॅट मारतो, पैसे घेऊन जातो. आठ दिवसांत पुन्हा तोच प्रकार!

आमच्यावरही हा प्रसंग आला. पानांची मांडणी करणाऱ्या आमच्या संगणकात ४ जीबी मेमरीची एक पट्टी होती. वेग वाढावा म्हणून आम्ही ४ जीबीची आणखी एक जुनी पट्टी स्वस्तात घेऊन बसविली. त्यानंतर तीनदा फॉरमॅट झाले, पण आजार गेला नाही. अखेर नवी आणलेली पट्टी काढून ठेवली आणि संगणक सुरळीत चालू लागला. दोष विंडोजचा नव्हता; पट्टी आणि मदरबोर्ड यांचे जमत नव्हते.

असे का होते? आपण जे काम करीत असतो ते सारे तेवढ्यापुरते मेमरीत असते. पट्टी, बोर्ड आणि प्रोसेसर यांचा व्होल्टेज व वेग जुळला नाही, तर मेमरीतील शून्याचा एक होतो. विंडोजच्या हे लक्षात आले तर ती स्वतःला थांबविते. तोच निळा पडदा. पण लक्षात आले नाही तर? चुकीचा आकडा तसाच डिस्कवर लिहिला जातो. खरे नुकसान येथे आहे. बंद पडलेला संगणक दिसतो, बिघडलेली खातेवही दिसत नाही.

पट्ट्यांचे प्रकार ध्यानात ठेवावेत. डीडीआर३ १.५ व्होल्टवर, डीडीआर३एल १.३५ वर, डीडीआर४ १.२ वर आणि डीडीआर५ १.१ वर चालते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींच्या मोठ्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. फसगत होते ती बसणाऱ्या पट्टीत. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला, जुन्या मेमरीचा बोर्ड असल्यास, डीडीआर३एल हवी असते, १.५ व्होल्टची पट्टी बसते खरी, पण ती इंटेलच्या मर्यादेबाहेरची आहे. तसेच बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या केवळ एएमडीच्या बोर्डावर चालतात. इंटेलच्या एच६१ सारख्या बोर्डात त्या घातल्या तर संगणक सुरूच होत नाही.

नव्या मशीनलाही हा नियम लागू आहे. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरला दोन पट्ट्यांवर डीडीआर५ चा अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्या लावल्यास तो ३६०० वर येतो. पाकिटावरचा मोठा आकडा पुष्कळदा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केल्यावरच मिळतो आणि तेथूनच बंद पडणे सुरू होते. डीडीआर५ ची नवी पट्टी घातल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढ्यात घाबरून वीज तोडू नये.

आता तपासणीचा क्रम पाहू.

१) वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून, डब्याच्या धातूला हात लावून मगच पट्टीला हात घालावा. संशयित पट्टी प्रथम काढावी आणि त्यानंतरच हिशोबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. जुनी प्रत पुसू नये. सदोष मेमरीतून घेतलेली नवी प्रतही बिघडलेली असू शकते.

२) पट्टीचे सोनेरी टोक स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसून, 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवावी.

३) एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये चालवून पाहावी. मग चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालावी. त्यावरून दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळते. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, तर ती जोडी जुळत नाही असे समजावे.

४) बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून मूळ सेटिंग ठेवावे. बायोस अपडेट करायचे असेल तर यूपीएस असल्याखेरीज करू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

५) विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारे मोफत मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवावे. एक जरी चूक निघाली तरी त्या मशीनवर हिशोब लिहू नये.

खरेदीला जाताना बोर्डाचे पूर्ण नाव व जुन्या पट्टीवरील लेबलचा फोटो सोबत न्यावा. बोर्ड बनविणाऱ्या बहुतेक कंपन्या चालणाऱ्या पट्ट्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर देतात. शक्य असेल तर दोन पट्ट्यांची जोडी एकाच पाकिटातली घ्यावी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकल्यापासून जुन्या मालाकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. पण 'न चालल्यास परत' हे शब्द बिलावर लिहून घेतल्याविना पैसे देऊ नयेत.

जुन्या संगणकांचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बंधूंनाही एक विनंती. पट्टी फक्त एएमडीवर चालते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. मालातील उणीव सांगून विकणाऱ्याचे गिऱ्हाईक परत येते. लपवून विकणाऱ्याची फक्त पट्टी परत येते.