घोरताय? भूलतज्ज्ञांना सांगा!

‘बाबा काय मस्त झोपलेत, घोरतायत बघ!’ पण घोरताना श्वासच अडकत असेल तर? हाच स्लीप अ‍ॅप्निया. बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नसतो. ऑपरेशनच्या वेळी मात्र तो महागात पडू शकतो, कारण भुलीच्या औषधांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. २०१९ मध्ये ‘जामा’त आलेल्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेले १२१८ पेशंट मोठ्या ऑपरेशनआधी तपासले होते. निदान न झालेला तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या ३० टक्के जणांना महिन्याभरात हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास झाला. अ‍ॅप्निया नसलेल्यांत १४ टक्के. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या ‘स्टॉप-बँग’मध्ये फक्त ८ प्रश्न आहेत: घोरणं, दिवसाचा थकवा, बीपी, मानेचा घेर वगैरे. ३ ‘हो’ आले की भूलतज्ज्ञांच्या कानावर घालाच. आणि हो, घोरण्याचं उत्तर बाबांकडून नको, आईकडून घ्या!