कुंडीतला पुदिना पिवळा का पडतो?

चाळीच्या गॅलरीत किंवा खिडकीत जुन्या डब्यांतून पुदिना, कोथिंबीर, ओवा लावणाऱ्या आपल्या भगिनी पुष्कळ आहेत. घरची चार पाने मिळाली तर बाजारातली एक जुडी वाचते. परंतु रोप पिवळे पडले, की बहुतेकजणी घाईने खत टाकतात, नाही तर पाणी वाढवतात. आमचे सांगणे एवढेच, की आधी पान पाहावे.

खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी पडले आहे. मात्र शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाच्या कमतरतेची खूण समजावी. शेतकरी याला ‘केवडा पडणे’ म्हणतात. लोहावाचून पानात हरितद्रव्य तयार होत नाही आणि जुन्या पानातले लोह नव्या पानाला सहसा मिळत नाही. हरितद्रव्य नाही म्हणजे अन्न नाही. मग वाढ खुंटते, पाने बारीक राहतात, पांढरट पडून करपतात. लोहाचा क्षार दिल्यास अशी पाने हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी १८४० च्या दशकात दाखवून दिले.

आश्चर्य म्हणजे मातीत लोह बहुधा भरपूर असते. पण चुना जास्त असला, की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. घरदुरुस्तीचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा मिसळलेली माती, बोअरिंगचे जड पाणी आणि डब्यातला कायमचा चिखल ही त्याची नेहमीची कारणे. म्हणूनच कुंडीत गंजका खिळा रोवून फारसे साधत नाही. गंजातले लोहही तसेच अडकून राहते.

तेव्हा प्रथम माती बदलावी, तीत कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. डब्याला तळाशी भोके पाडावीत. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. एवढ्याने न भागल्यास कृषी सेवा केंद्रातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणावे. लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम विरघळवून लगेच, उन्हे उतरल्यावर फवारावे. कोवळी पाने करपू शकतात, म्हणून आधी दोन-तीन पानांवर पाहावे. फवारलेली पाने खाऊ नयेत. पुढे फुटणारी धुऊन वापरावीत. हिराकस पोटात गेल्यास लहान मुलांच्या जिवाला धोका असतो. ते कुलपातच ठेवावे.

करपलेली पाने सुधारत नाहीत. शेंड्याला नवे पान हिरवेगार आले, की उपाय लागू पडला असे समजावे.